राणी रंगातले निळे कण

बांबूवर वाळत घातलेली थाळी सकाळी उतरवली, तर तिची करंजी झाली होती.

मी ती हातात धरून गच्चीत उभी आणि समोर माझी नात केतकी. दात घासायचा ब्रश तिच्या तोंडात तसाच राहिला.

"आक्का, ही माझी डिस्क आहे?"

"होती," मी म्हटलं.

"आणि रंग कुठाय?"

"मोरीत."

तिनं थाळी घेतली, दोन्ही हातांनी ताणून बघितली. ती सरळ व्हायची आणि सोडली की पुन्हा दुमडायची. पोरगी रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती बघत राहिली.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. केतकी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला थाळ्या फेकायचं वेड लागलं होतं. जाड प्लॅस्टिकची, काठ वळवलेली चकती. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला खांबावर साखळ्या लावलेली टोपली असते, तिच्यात ती कमीत कमी फेकींत घालायची. एवढाच खेळ. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी तिला म्हटलं होतं, त्यापेक्षा पोळ्या लाट आणि टोपलीत टाक, घराला उपयोग तरी होईल.

पण खेळात एक गोम होती. फेकलेली थाळी सापडली नाही की दंड. केतकीच्या तिन्ही थाळ्या पांढऱ्या, आणि माघात मैदानावरचं गवत वाळून पांढरंफटक झालेलं. मागच्या सामन्यात तिची एक थाळी त्या गवतात पडली, पाचजणी गुडघ्यांवर रांगल्या, शेवटच्या क्षणाला सापडली ती कुणाच्या तरी पायाखाली. तोवर वेळ संपली होती आणि संघ हरला. कप्तान पोरगीनं सांगितलं, रविवारी परत असं झालं तर तुझ्या जागी दुसरी. रंगीत थाळ्या सोलापुरात मिळेनात, आणि मागवल्या तर रविवारनंतर येणार. तेव्हा आमच्या बाईसाहेबांनी सगळ्यांसमोर छाती काढून सांगितलं, माझी आज्जी रंगारीण आहे, ती रंगवेल.

त्यात खोटं काही नव्हतं. आम्ही भावसार, रंग आमच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या लागलेला. साखर पेठेत आमचा रंगखाना होता, सुताच्या लडी रंगवायचा. बाहेर पाटी नवऱ्याच्या नावाची आणि आत शब्द माझा. मी शिकले दुसरीपर्यंत, त्यातलं निम्मं वर्ष गोवरात गेलं. पण चादरीवाले नमुन्याचा धागा घेऊन यायचे आणि द्वारकाबाईनं, म्हणजे मी, मान हलवल्याशिवाय लडी भट्टीवरून उतरत नसे.

म्हणून बुधवारी संध्याकाळी मी माझ्या रीतीनं सगळं केलं. जुन्या पेटीतला सुताचा लाल रंग काढला. पातेल्यात पाणी खळखळ उकळलं, मूठभर मीठ घातलं, धुण्याचा सोडा घातला, थाळी आत सोडली आणि काठीनं फिरवत बसले. थाळी मऊ पडत गेली. मला वाटलं, वा, रंग पितेय. मग लडी टांगतात तशी ती बांबूवर टाकली, अर्धी इकडं अर्धी तिकडं, आणि समाधानानं झोपले. सकाळी नळाखाली धरली तर लाल सगळा पाण्याबरोबर गेला आणि खाली पांढरी करंजी उरली.

सून वर्षा चहा घेऊन वर आली. तिनं करंजीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ओठ दाबून धरले. वर्षाचं हे बरं आहे, ती हसते ते फक्त नाकपुड्यांना कळतं.

केतकीनं फोनमध्ये शोधलं. "आक्का, याला सुताचा रंग चढतच नाही. पॉलिस्टरचा लागतो. डिस्पर्स म्हणतात त्याला."

"माहितीय मला काय म्हणतात ते."

"मग घालायचा होतास की तो."

वर्षाच्या नाकपुड्या एकदम जागच्या जागी थांबल्या. कारण पॉलिस्टरचा रंग गावात दुसरे व्यापारी विकायचे ते आख्खं पिंप. सुटा, पुडीत बांधून देणारा माणूस एकच, मंगळवार पेठेतला. तो माझा दीर, नामदेव. आणि त्याच्या दुकानाची पायरी मी सव्वीस वर्षं चढले नव्हते.

मी लग्न होऊन आले तेव्हा नामदेव नऊ वर्षांचा. त्याचं नाक मी पुसलेलं. मोठा झाला, रंगखान्यात हाताशी आला, आणि एक दिवस मुंबईहून पॉलिस्टरच्या धाग्याची गुंडी आणि मोरपंखी रंगाची पुडी घेऊन आला. म्हणाला, वैनी, पुढं हेच येणार, आत्ताच शिकून घेऊ. मी चार गिऱ्हाइकांसमोर ती पुडी त्याच्या हातातून घेतली आणि गटारात ओतली. म्हटलं, प्लॅस्टिक रंगवायला आपण काय बादल्यांचा कारखाना काढलाय. गल्लीतलं गटार दोन दिवस मोरपंखी वाहत होतं, बायका बघायला येत होत्या.

नामदेव बायकोला, शकूला, घेऊन वेगळा झाला. त्यानं रंगाचं दुकान टाकलं. पेढे घेऊन बोलवायला आला तेव्हा मी दारातच सांगितलं, तुझ्या दुकानाची पायरी चढले तर द्वारका नाव लावणार नाही.

पुढं त्याचं दुकान चाललं आणि आमचा रंगखाना बंद पडला. त्याची कारणं मी लोकांना पुष्कळ सांगत असे. पाणी, वीज, कामगार. बरीच कारणं होती.

"मी जाते," वर्षा म्हणाली. "मला ते ओळखत नाहीत. माझ्या लग्नाच्या आधीच तुमचं बोलणं बंद झालेलं."

"आधी कुठला रंग ते ठरवू," मी म्हटलं. "दुकानात गेल्यावर ठरवणारी बाई फसते."

"काळा," केतकी म्हणाली. "काळा भारी दिसतो."

"दिसतो भारी. सापडतो का? मैदानातलं गवत आण."

ती सायकल काढून गेली आणि पिशवीभर वाळकं गवत घेऊन आली. मी ते गच्चीत पसरलं. मग माझी वही काढली. वही म्हणजे जाड पुठ्ठ्यांना टाचलेले धागे, मी रंगवलेल्या प्रत्येक रंगाचा एक. नावं लिहिलेली नाहीत, वाचायला कुणाला येत होतं. एकेक धागा मी गवतावर टाकायची आणि केतकीला जिन्याच्या दारात उभी करून विचारायची.

"दिसतो?"

"पिवळा गेला. हिरवा थोडा दिसतो."

"काळा बघ."

"दिसतो की." मग जरा थांबून म्हणाली, "नाही, ती सावली होती."

"बघ. गवतात सावल्या किती असतात. उद्या सावल्या उचलत फिरशील."

लाल, डाळिंबी, निळा, सगळे झाले. शेवटी मी राणी टाकला. ती दारातून हसली फक्त.

"राणी गवतात बसत नाही," मी म्हटलं. "गवतावर बसते."

वर्षानं ओढणी तोंडाला गुंडाळली, गॉगल लावला. दरोडा घालायला निघाल्यासारखी दिसत होती. मी तिला पढवलं. "म्हणायचं, कॉलनीतल्या पोरींना हस्तकलेला पाहिजे. पॉलिस्टरचा राणी, एकच शंभर ग्रॅम. डब्यातला वरचा देऊ नको म्हणायचं, त्याला दमट हवा लागलेली असते. तळातला नको, त्याचे खडे होतात. मधला द्या म्हणायचं. आणि पुडी दुहेरी कागदात."

"आणखी काही?"

"माझं नाव काढू नको."

तासाभरात ती पुडी घेऊन आली. दुहेरी कागद. मी विचारलं, ओळखलं का. म्हणाली, नाही. काउंटरवर काकाच होते, सगळं ऐकून घेतलं, आत गेले, बराच वेळ लावला, पुडी दिली. एवढंच म्हणाले की मधलाच दिलाय.

आता दुसरी कुणी असती तर तिनं पाणी गरम करायला ठेवलं असतं. पण रंग विकत आणला की आधी तो बोलता करायचा, हे मला सासूनं शिकवलंय. पांढरं मलमल ओलं करून पिळायचं, दोघींनी ताणून धरायचं, तळहातावर चिमूटभर रंग घ्यायचा आणि लांबून हळूच फुंकायचा. बारीक बारीक कण फडक्यावर बसतात आणि ओल लागली की फुलतात. एकच रंग असेल तर सगळे ठिपके एकाच जातीचे. मिसळ असेल तर लपत नाही.

केतकी आणि वर्षानं मलमल धरलं. मी फुंकर मारली.

राणी फुलला, सुरेख, अगदी कोकराच्या कानासारखा आतून गुलाबी होत गेला. आणि त्यात निळे ठिपके. एक, दोन, मी वाकून मोजले. सात.

"भेसळ," मी म्हटलं.

"सातच तर आहेत आक्का," केतकी म्हणाली.

"एवढ्याशा चिमटीत सात. थाळी राणी व्हायच्या ऐवजी वांगी होईल. गिऱ्हाईक नवखं दिसलं, गॉगल लावून आलेलं, म्हणून त्यानं डब्यातला झाडू मारलेला रंग बांधून दिला. नाम्या इतका खाली गेला का?"

"मी बदलून आणते," वर्षा म्हणाली.

"तू काय बदलून आणतेस. तुझ्या हातावर टिकवली ना त्यानं." मी वहीवरची धूळ झटकतात तसं लुगडं झटकलं. "चप्पल काढ माझी. ते फडकं घे केतकी, वाळू देऊ नको."

रिक्षात मला एवढं हलकं वाटत होतं की काय सांगू. मागायला जाणं वेगळं आणि भांडायला जाणं वेगळं. भांडायला गेलेल्या बाईची मान ताठ असते. मी वाटेत चार वाक्यं जुळवून ठेवली, त्यातली दोन तर फारच चांगली होती.

दुकानाला तीन पायऱ्या. मी तिसरीवर चढले, फडकं काउंटरवर आपटलं आणि म्हटलं, "हे काय आहे?"

नामदेव स्टुलावर बसून होता. केस पांढरे, चष्मा नाकावर उतरलेला. त्यानं फडक्याकडं बघितलंच नाही. तो भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता.

"दीड तास," तो म्हणाला. "मला वाटलं, तासात येशील. रिक्षा मिळाली नाही काय?"

माझी चारी वाक्यं तोंडात राहिली.

"सात ठिपके आलेत," मी म्हटलं. "सात."

"जास्त पडले मग. मी पाचाच्या हिशेबानं घातले होते." त्यानं चष्मा वर केला आणि आता फडकं निरखून बघितलं. "फुंकर अजून चांगली आहे तुझी."

"तू घातलेस?"

"मग काय आपोआप पडले? वैनी, मधला द्या म्हणणारी बाई या गावात एकच आहे. वरचा नको, तळातला नको. तुझी सून सांगत होती आणि मला तुझाच आवाज ऐकू येत होता. मी आत गेलो, चिमूटभर निळा काढला आणि दहा मिनिटं विचार करत उभा राहिलो."

"कसला विचार?"

"साफ रंग दिला असता तर तुझं काम झालं असतं. पुढं आणखी सव्वीस वर्षं आली नसतीस. तेवढी आता दोघांकडंही नाहीत." तो खाली बघत फडक्याची कड सरळ करत होता. "बोलावलं असतं तर यायची नाहीस. भांडायला येशील, हे माहीत होतं."

दुकानात रंगाचा तोच वास होता, जिभेला कडू लागणारा. केतकी माझ्या मागं उभी होती. मला तिथून वळून तीन पायऱ्या उतरता आल्या असत्या. पिशवीत तिच्या दोन थाळ्या होत्या आणि ती करंजी पण तिनं आणली होती, का ते देव जाणे.

मी करंजी काढली आणि त्याच्यासमोर ठेवली.

तो बघत राहिला. "उकळलीस?"

"उकळली."

"मीठ?"

"घातलं. सोडा पण घातला."

"आणि बांबूवर टांगलीस." त्याचे खांदे हलायला लागले. हसू दाबायला त्यानं रुमाल तोंडावर धरला, तो शेवटी डोळ्यांना लावला.

"झालं हसून?" मी म्हटलं. "याला मीठ लागत नाही का?"

एवढंच विचारलं मी. पण नामदेव हसायचा थांबला. लहानपणापासून त्यानं मला रंगातलं काही विचारताना ऐकलं नव्हतं. तो उठला, आतून स्टूल आणलं, फुंकर मारून पुसलं आणि माझ्यासाठी ठेवलं.

"बस. दाखवतो. पण आधी एक सांग. पायरी चढलीस, आता द्वारका नाव लावता येणार नाही तुला. मी काय म्हणायचं?"

मी बसले, पदर नीट केला. "माहेरचं नाव चंपा होतं. इथं आल्यावर बदललं तुम्ही लोकांनी. ते म्हण."

"चंपावैनी," तो म्हणाला आणि आत गॅस पेटवायला गेला.

नमुने रंगवायला त्याच्याकडं आत शेगडी होती. त्यानं नवा, साफ राणी काढला. मी फडकं ओलं करायला लागले तर म्हणाला, बघ, बघ, विश्वास ठेवू नको. मी फुंकला. एकजात राणी. पाणी त्यानं उकळू दिलं नाही. हाताला सोसवणार नाही आणि बुडबुडा येणार नाही, तिथं थांबवलं. मीठ नाही, सोडा नाही. भांडी धुवायच्या साबणाचे दोन थेंब, तेही मला अपमान वाटावा असे. केतकीनं थाळीची वरची बाजू साफ पुसून घेतली आणि ती पाण्यावर पालथी सोडली. काठीनं ढवळायला मी हात पुढं केला तर त्यानं काठी काढून घेतली.

"नुसतं बसायचं."

"मग रंगाऱ्याचं काम काय यात?"

"कधी काढायचं ते ओळखणं."

तेवढं मला येत होतं. पाचेक मिनिटांनी तो म्हणाला, काढूया. मी म्हटलं, थांब, वाळल्यावर दोन पायऱ्या उतरेल.

"हे सूत नाही वैनी. याचं ओलं आणि कोरडं सारखंच."

"सारखंच?" मला ते अजिबात आवडलं नाही. ज्या वस्तूचा ओला रंग आणि वाळलेला रंग एक, तिच्यात गंमत काय. पण तरी मी थांबवलंच, कारण डोळ्याला कमी वाटत होता. आणखी तीन मिनिटांनी मान हलवली. नामदेवनं थाळी उचलली, सपाट ताटात उताणी ठेवली आणि दोघं वाकून बघत बसलो.

"होय," तो म्हणाला. "आत्ता झाला."

दुसरी थाळी माझी मीच केली. तो बाहेर गिऱ्हाईक बघायला गेला, म्हणजे गिऱ्हाईक नव्हतं, तरी गेला.

रविवारी केतकीनं पहिली फेक अशी वाकडी मारली की थाळी दोन बाभळींच्या मागं गवतात गडप. कप्तान पोरगीनं कपाळावर हात मारला. मी कडेला खुर्ची टाकून बसले होते, शेजारी नामदेव आणि शकू. नामदेवनं बसल्या जागेवरून बोट दाखवलं. "ती बघ की." तिथून दिसत होती. तिसऱ्या नंबरात आल्या पोरी. केतकीची जागा राहिली.

करंजीत मी अजून लसूण ठेवते.

त्या वर्षापासून दर दिवाळीला नामदेवकडून रांगोळीच्या रंगाची पुडी यायची. दर वेळी मी ती ओल्या फडक्यावर फुंकायची आणि दर वेळी तिच्यात काहीतरी घातलेलं असायचं. कधी पाच हिरवे कण, कधी चार काळे. मग मी रिक्षा करून भांडायला जायची. शकू माझी रिक्षा वाजली की पोहे भिजवायची.

यंदा श्रावणात शकू गेली. नामदेव घरात बसला. दुकान पोरगा बघतो. दिवसाला वर्षाचा नाही तर माझा फोन जायचा, तो हो-नाही म्हणायचा आणि ठेवायचा. मी दोनदा गेले, भिंतीकडं तोंड करून पडलेला. दिवाळी आली आणि पुडी आली नाही.

मी केतकीच्या थाळ्यांतला उरलेला साफ राणी काढला, नामदेवनं तेव्हा बांधून दिलेला. बारा वर्षं दुहेरी कागदात, तसाच मोकळा. पाटावर पसरला, त्यात चिमटीनं हिरवा सोडला. सात कण.

"त्यांना काय सांगायचं?" वर्षानं पुडी घेताना विचारलं.

"काही सांगू नको. म्हणावं आक्कानं पाठवलाय, मधला आहे."

ती देऊन आली. म्हणाली, काकांनी उशाशी ठेवली, उघडली नाही. मी म्हटलं, बरं.

हे सगळं काल सकाळचं. आज चार वाजता मी लसूण सोलत होते, तर खाली जिन्यात काठी वाजली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काठी वाजायची, थांबायची, परत वाजायची. मग आवाज आला, खरखरीत, पण चांगला मोठा.

"चंपावैनी, राणीत हिरवा कुणी घातला?"

वर्षा दार उघडायला धावली. मी तिला हातानं थांबवलं.

"वर येऊ दे त्याला," मी म्हटलं. "दार वाजवू दे. तू पोहे भिजव."